न धुतलेलं सूत

आमच्या घरी रविवारी काय शिजणार, हे फुटबॉल ठरवायचं. धोटा क्लब जिंकला तर मटण, बरोबरी झाली तर अंडाकरी आणि हरला तर पाटवडीचा रस्सा. हा नियम कुणी घालून दिला ते मला ठाऊक नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून तो गल्लीतल्या बहुतेक घरांत चालत होता, त्यामुळे मैदानावर न गेलेल्या माणसालाही संध्याकाळी नुसत्या वासावरून निकाल कळायचा. आई दुपारीच सावजी मसाला भाजून वाटून ठेवायची, कारण मटण असो की पाटवडी, मसाला तोच. लोखंडी तव्यावर सुकं खोबरं काळपट व्हायला लागलं की माझे डोळे चुरचुरायचे आणि मी मैदानाकडे पळायचे. ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे, त्या हंगामात आम्ही इतक्या पाटवड्या खाल्ल्या की पुढे सासरी सासूबाईंनी पहिल्यांदा पाटवडी केली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण हरलं?" त्यांना काही कळेना. त्यांना वाटलं, सून जरा सरकलेली आहे.

धोटा म्हणजे हातमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड. आमची वस्ती विणकरांची, म्हणून क्लबचं नाव धोटा. कागदावरचं नाव लांबलचक होतं, ते फक्त क्लबचे सेक्रेटरी निळकंठकाका यांना पाठ होतं. मी मोठी होईपर्यंत वस्तीतले माग सगळे गेले होते. कुणी मोबाइलवर ऑर्डर घेऊन लोकांच्या घरी जेवण पोचवत होता, कुणी मॉलमध्ये शिटी लावून उभा होता, कुणी रिक्षा चालवत होता. पण जुने धोटे प्रत्येकाच्या घरी होते आणि मॅचला जाताना माणूस दोन धोटे घेऊन निघायचा. आम्ही ढोलबिल कधी नेला नाही. दोनशे माणसं धोट्यावर धोटा मारायची, खटक-खट, खटक-खट, आणि आपली पोरं पुढं सरकली की ठेका वाढत जायचा. डोळे मिटले तर अख्ख्या वस्तीचे माग पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटायचं. म्हातारी माणसं त्या आवाजासाठीच येत असावीत असं मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं, आपल्यासारखीच तीही गोल बघायला येतात.

वस्तीतला शेवटचा माग माझ्या बाबांचा. मी सहावीत असताना तो उचलला, खालचा खड्डा सिमेंटनं बुजवला आणि त्या जागेवर फ्रिज आला. बाबा मग कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे लागले, कोळशाच्या पट्ट्यावर. बसनं जायचे, बसनं यायचे, आणि कितीही झटकलं तरी कॉलरच्या घडीत राख असायचीच. बोलायचे फार कमी. हातात काही नसलं की त्यांचा अंगठा बोटावर फिरत राहायचा, तुटलेला धागा वळून जोडतात तसा. आई म्हणायची, "थांबवा हो तो हात, मले कसंतरी होते." ते थांबवायचे आणि दोन मिनिटांनी हात पुन्हा सुरू.

त्यांच्या हाताला विणकामाचं म्हणावं असं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे क्लबची गोलाची जाळी. मैदानावरच्या जाळ्या कधीच चोरीला गेल्या होत्या. म्हणून लीगचा रिवाज असा पडला होता की वेळापत्रकात ज्या क्लबचं नाव आधी छापलं असेल त्यानं आपल्या जाळ्या आणायच्या. आमच्या जाळ्या मूळच्या नायलॉनच्या, पण बाबांनी इतकी वर्षं त्या जागोजागी सुतानं भरल्या होत्या की अर्ध्याअधिक त्यांच्याच हातच्या झाल्या होत्या. पोरं म्हणायची, काका, नायलॉनची दोरी आणून देतो, कशाले त्रास घेता. बाबा म्हणायचे, "नायलॉनची गाठ सरकते बे. सुताची बसते." मॅचच्या आधी ते स्वतः दोन्ही गोलांवर जाळी चढवायचे, एक पाऊल मागं येऊन बघायचे आणि मगच पायऱ्यांवर येऊन बसायचे. लोक 'सुधाकरभाऊची जाळी' म्हणायचे. त्यांच्या नावानं दुसरं काहीच उरलं नव्हतं, हे मला तेव्हा समजायला पाहिजे होतं. सतरा वर्षांची होते, काही दूधपिती नव्हते.

तर तो हंगाम. पहिल्या दोन मॅच हरलो तेव्हा लोक म्हणाले, पोरं नवीन आहेत, बसतील. पुढच्या तीन हरलो तेव्हा म्हणाले, रेफरी खराब. त्यानंतर कुणी काही म्हणेना, सगळे नुसते शिव्या द्यायला लागले. आमच्या पायऱ्यांवर सगळ्यात पुढं पानठेलेवाले बंडूभाऊ बसायचे. त्यांचा आवाज पलीकडच्या गोलकीपरला ऐकू जायचा. "अबे भैताडा, बॉल तिकडं आहे, तू कोनाले शोधून राहिला?" हे ते आपल्याच पोराला म्हणायचे. आणि मी, सुधाकरभाऊंची पनू, त्यांच्या मागच्या पायरीवर उभी राहून त्यांच्यापेक्षा वाईट बोलायचे. आमचा मोबाइलवर एक ग्रुप होता, दीडशे माणसांचा. त्यात मी मॅच संपायच्या आत लिहायला सुरुवात करायचे. आमचा फॉरवर्ड चेतन, समोरच्याच घरातला, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दिवसभर लोकांचं जेवण पोचवून संध्याकाळी प्रॅक्टिसला जायचा. त्यानं एकदा रिकाम्या गोलासमोर बॉल बाहेर घातला, तर मी ग्रुपवर लिहिलं की याला डिलिव्हरीचा पत्ताच सापडत नाही. शंभर जण हसले. दुसऱ्या दिवशी तो दारात दिसला आणि मान वळवून आत गेला. मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, खेळता येत नाही आणि राग किती.

खरं सांगायचं तर तो राग नव्हता, भीती होती. शेवटचे दोन क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते. खालच्या डिव्हिजनच्या मॅच आठवड्यात कधीतरी भर दुपारी, लांबच्या मैदानावर होतात. कामधंद्याची माणसं तिथं जाणार कधी? चेतनसारख्या पोरांना वरच्या डिव्हिजनचं सर्टिफिकेट हवं असायचं, त्यावर कुठं खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी आशा असायची. आमच्या वस्तीजवळ 'वरचं' म्हणावं असं तेवढंच होतं. पोरं हरायची आणि आम्ही त्यांच्या अंगावर धावायचो. आता वाटतं, बुडणाऱ्याला काठावरून दगड मारत होतो. पण आताचं शहाणपण काय कामाचं.

शेवटून दुसरी मॅच चार-एकनं हरलो. त्यातला एक गोल आपल्याच बॅकनं आपल्याच जाळीत घातला. इतका जोरात घातला की खांबाजवळ जाळी फाटली. बंडूभाऊ म्हणाले, "घ्या, एक शॉट बरोबर बसला तं तोही घरातच." मी चप्पल काढून मैदानात फेकली आणि एका पायात चप्पल घालून घरी आले. आता एकच मॅच राहिली होती, आठ दिवसांनी. जिंकलो तर वर राहणार, नाहीतर खाली. बरोबरी चालणार नव्हती.

घरी आले तर बाबा फाटलेली जाळी ओट्यावर पसरून बघत होते. त्यांना त्या आठवड्यात डबल ड्युटी लागली होती, लगेच निघायचं होतं. मला जाळी भरता यायची, बाबांनीच शिकवलं होतं.

"पनू," ते म्हणाले, "खांबाजवळचं तेवढं भरून ठेवजो वं. पेटीतल्या दोन लडी घे. पण आधी गरम पाण्यात टाकून खळ काढजो, सावलीत वाळवजो, मंग भरजो. उद्या-परवा केलं तरी चालते. घाई नाही."

मी "हो" म्हटलं.

"खळीचं सूत म्हणजे उंदराची जिलबी," ते नेहमीसारखं म्हणाले आणि बसला पळाले.

हे जरा सांगायला हवं. सूत मागावर ताणायच्या आधी त्याला खळ देतात. खळ म्हणजे पेज. आमच्याकडे आईच्या माहेराहून, रामटेककडून आलेल्या तांदळाची करायचे. त्यानं सूत कडक होतं, घासलं तरी तुटत नाही. बाबांचा माग बंद झाला तेव्हा ताण्यासाठी खळ दिलेलं बरंच सूत तसंच उरलं होतं. ते पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेलं होतं आणि जाळी भरायला बाबा तेच वापरायचे. बाजारातून साधी दोरी आणली असती तर प्रश्नच नव्हता. पण घरात आपल्या हातचं सूत असताना विणकर दोरी विकत आणेल का? आणली तर वस्ती हसेल. मात्र आमच्या जाळ्या ठेवायच्या समाजभवनातल्या माळ्यावर, आणि त्याच माळ्यावर सणासुदीच्या भंडाऱ्याचा, जेवणावळीचा तांदूळ असायचा. उंदरांची तिथं वस्तीच होती. म्हणून खळ काढणं आलं. एका लडीला तीन पाणी, मग पिळणं, मग वाळवणं, दीड दिवसाचं काम. आणि धुतलेलं सूत मऊ पडतं, सुईतून नीट सरत नाही, बोटं दुखतात. खळीचं कडक सूत कसं सरसर जातं.

माझं डोकं तापलेलं होतं. मोबाइल सारखा वाजत होता, ग्रुपवर शिव्यांचा पाऊस चालला होता, आणि मला तिथं उत्तरं द्यायची होती. पेटी उघडली, दोन लडी काढल्या आणि तशाच सुईत घातल्या. अर्ध्या तासात भोक भरलं. गाठी सुरेख बसल्या होत्या, हे आजही सांगते. मनात म्हटलं, ज्यांना समोरच्या जाळीत बॉल घालता येत नाही त्यांच्या जाळीचे काय एवढे लाड. चेतन जाळी घ्यायला आला. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो ती खांद्यावर टाकून समाजभवनाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले, राखेनं डोळे लाल झालेले. चहाचा कप हातात घेत त्यांनी विचारलं, "खळ काढली ना वं?"

"हो बाबा."

एवढंच. त्या आधी मी बाबांशी खोटं बोलले नव्हते असं नाही, पण सुताच्या बाबतीत बोलले नव्हते. एरवी ते स्वतः जाऊन जाळीवरून हात फिरवून आले असते. त्या आठवड्यात त्यांना झोपायला वेळ नव्हता, आणि मी हो म्हटलं होतं.

शेवटच्या मॅचला वस्तीत कुलपं लागली. ज्यांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं ते सगळे धोटे घेऊन हजर. समोर प्रताप नगरकडची टीम होती. पोरं चांगली होती, एकसारखे ट्रॅकसूट, पाण्याच्या वेगळ्या बाटल्या, आणि त्यांना हरण्या-जिंकण्याचं काही नव्हतं, ती गुणतक्त्यात मधेच कुठंतरी होती. बाबा डबल ड्युटी करून थेट मैदानावर आले. जाळ्या त्यांनीच चढवल्या, पण घाईनं, कारण पोरं आधीच मैदानात उतरली होती. रेफरीनं जाळीला हात लावून पाहिला, जाळी जागच्या जागी होती. उंदरांनी गाठी पूर्ण कुरतडल्या नव्हत्या, अर्ध्या-अर्ध्या खाल्ल्या होत्या. लांबून तर नाहीच, जवळूनही सहज कळलं नसतं.

त्या दिवशी आमची पोरं खेळली. हंगामभर कुठं दडवून ठेवलं होतं कोण जाणे, पण खेळली. पायऱ्यांवर कुणी शिवी दिली नाही. बंडूभाऊ हात जोडून बसले होते. मध्यंतराला गोल नव्हता. मध्यंतरानंतर आम्ही ज्या गोलावर चालून जात होतो, त्याच्यावर मी भरलेली जाळी होती. मला तेव्हा हे सुचलंही नाही. मी दोन्ही हातांनी धोटे मारत होते, तळहात सोलून निघाले होते.

शेवटची दहा मिनिटं असतील. त्यांचा कॉर्नर आमच्या बॅकनं लांब मारला आणि चेतन एकटा सुटला. लाइन्समन मागेच राहिला, रेफरीही धापा टाकत मागून येत होता. खटक-खटचा ठेका इतका वाढला की आवाज एकच झाला. चेतननं उजवीकडून, पळता पळताच, खांबाला चाटून जाईल असा सणसणीत शॉट मारला. मी बॉल आत जाताना पाहिला. खांबाच्या आतून जाताना पाहिला, आजही सांगते. आणि मग जाळी हललीच नाही. बॉल जाळीच्या मागं, कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन आदळला.

आम्ही उड्या मारायला सुरुवात केली होती. रेफरीनं हात केला, गोल किक, म्हणजे गोल नाही. त्याला बॉल जाळीच्या बाहेर दिसला, त्यानं धरलं की बाहेरून गेला. चेतन डोक्याला हात लावून उभा. त्यांच्या गोलकीपरला सगळं दिसलं होतं. त्यानं एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा रेफरीकडे, बॉल उचलला, ठेवला आणि मारून मोकळा झाला. खेळ सुरू झाला. सुरू झाला म्हणजे संपलंच, आता निर्णय बदलत नाही. आमची पोरं रेफरीला ओढत गोलाजवळ नेत होती, भोक दाखवत होती. तो म्हणाला, "भोक कधी पडलं ते मी काय सांगू? मी निर्णय देऊन बसलो."

पायऱ्यांवर दोनशे माणसं धोटे हातात तसेच धरून उभी होती. मी पुढं आयुष्यात बरेच धक्के पचवले, माणसं गेली, घरं सुटली. पण कान असे बंद झाल्यासारखे मला पुन्हा कधी वाटले नाहीत. तळहातातलं रक्त धोट्याला लागलं होतं आणि मी ते नुसती बघत होते. उरलेली मिनिटं कशी गेली आठवत नाही. शिटी वाजली, शून्य-शून्य. धोटा क्लब खाली गेला.

मग सगळे मैदानात शिरले. मी पण शिरले, पाय आपोआप चालले. रेफरीला मारतील असं वाटलं होतं, पण लोक थेट गोलाकडे गेले. खांबाजवळ टोपलीएवढं भोक होतं आणि कडेला सुताची टोकं लोंबत होती. गर्दी दुभंगली आणि बाबा पुढं आले. त्यांनी एक टोक बोटांत धरलं, चोळून पाहिलं. मग ते जिभेला लावलं. खळ आहे की नाही हे विणकर असंच बघतो. त्यांनी गर्दीत मला शोधून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आपण कुणाला ओळखीचं समजून हाक मारावी आणि जवळ गेल्यावर ते माणूस अनोळखी निघावं, तसं.

बंडूभाऊ म्हणाले, "काय झालं गा सुधाकर?"

"उंदरानं खाल्लं," बाबा म्हणाले. "सुतात खळ राहिली."

"राहिली म्हणजे? काढत नाही काय तू?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं. पण बाबांचं बोलणं माझ्या आधी आलं.

"नाही काढली. ड्युटी होती. माझी चूक झाली."

एका पोरानं जाळीला लाथ मारली. कुणीतरी म्हणालं, नायलॉन आणून देतो म्हटलं होतं याले, पण याची अकड. बंडूभाऊंनी हातातले दोन्ही धोटे बाबांच्या पायाशी टाकले आणि काही न बोलता निघून गेले. एकेक करून बऱ्याच जणांनी तसंच केलं. लाकडावर लाकूड पडत होतं. चेतन गोलाच्या खांबाला टेकून लहान मुलासारखा रडत होता. बाबा वाकून जाळी सोडवायला लागले, कारण जाळी आमची होती आणि ती न्यायची होती.

त्या संध्याकाळी गल्लीत कुठल्याच घरातून मसाल्याचा वास आला नाही. आईनं खिचडी टाकली. मी वाट बघत होते की बाबा आता बोलतील, मारतील. मारलं असतं तर मी उपकार मानले असते. ते जेवले, हात धुतले, आईला म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि झोपले. सकाळी दार उघडलं तर कडीला नायलॉनच्या दोरीचं नवं कोरं भेंडोळं अडकवलेलं होतं. आईला अर्थ कळला नाही, तिनं ते कपडे वाळत घालायला ठेवून दिलं. बसस्टॉपवर बाबांशी कुणी बोलेना. पानठेल्यावर ते गेले की बंडूभाऊ गिऱ्हाइकी सोडून मागच्या बाजूला जायचे. ग्रुपवर बाबांबद्दल जे लिहिलं जात होतं ते मी वाचत होते. अगदी माझ्याच भाषेत लिहीत होते लोक. मीच शिकवली होती त्यांना.

पुढच्या रविवारी सकाळी समाजभवनात मीटिंग बोलावली. पुरुष पुढं सतरंजीवर, आम्ही पाच-सहा बायामुली मागं भिंतीशी. आई आली नव्हती. निळकंठकाका भला माणूस, त्यांनी शब्द फिरवून-फिरवून सांगितलं की आता तयार जाळी विकत आणू आणि सुधाकरभाऊंनी इतकी वर्षं सेवा केली, आता आराम करावा. बाबांनी माळ्याची चावी आणि जाळीची लाकडी सुई सतरंजीवर ठेवली. सुई कशाला ठेवली? ती तर त्यांची स्वतःची होती. ते बघितलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठून उभी राहिले.

"खळ मी नाही काढली," मी म्हटलं. "बाबांनी सांगितलं होतं. मी तशीच भरली जाळी. त्यांनी विचारलं तं खोटं सांगितलं, काढली म्हणून. त्यांचा काही दोष नाही."

सगळ्या माना वळल्या. मी तयार होते. चपलेला, शिवीला, कशालाही तयार होते. बाबा उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, निळकंठकाकांकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "पोरगी बापाले वाचवून राहिली. तिले जाळी भरता कुठी येते? मीच भरली. खाली बस वं."

आणि कुणालाही शंका आली नाही. बाबा खोटं बोलत नाहीत हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं, आणि मी कशी आहे तेही. चेतननं जाळी माझ्या हातून नेली होती. तो माझ्याकडं बघत होता, मग त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं असेल की बापानं भरून ठेवलेली जाळी पोरीनं फक्त हातात दिली. की त्याला खरं समजलं होतं? मी त्याला कधी विचारलं नाही. निळकंठकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "अशी पोरगी नशिबानं भेटते सुधाकर." आणि बंडूभाऊ, ज्यांनी आठवडाभर बाबांकडे पाठ केली होती, उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हात झटकला आणि ओरडले, "मी खरं बोलून राहिली." माझ्या शेजारच्या बाईनं मला जवळ ओढून घेतलं आणि पदरानं माझं तोंड पुसलं. "पुरे वं बाई," ती म्हणाली, "किती घेशील अंगावर."

बाहेर आल्यावर मी बाबांना रस्त्यातच अडवलं. "काहून केलं असं?"

ते चालत राहिले. न थांबताच म्हणाले, "मले दिलेल्या शिव्या चार वर्षांत विसरतात लोक. पोरीले दिलेल्या नाही विसरत. तुले इथंच राहाचं आहे, इथूनच जाचं आहे लग्न होऊन."

"मले नाही चालत असं बाबा."

"मलेही नाही चाललं," ते म्हणाले. "विचारलं होतं मी तुले, सकाळी."

दोन वर्षांनी क्लब पुन्हा वर आला, नायलॉनच्या जाळीसह. त्या दिवशी गल्लीभर मटणाचा वास होता. बाबा मैदानावर नव्हते. त्या मीटिंगनंतर त्यांनी ठेकेदाराकडून रविवारची ड्युटी मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत ती सोडली नाही. धोटा क्लबची एकही मॅच त्यांनी पुन्हा पाहिली नाही. मलाही त्यांनी त्या गोष्टीबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही. आईला कधी सांगितलं नाही. तिला शेजारणींकडून जे कळलं तेच तिनं खरं मानलं आणि जन्मभर त्याचं कौतुक केलं.

मला वाटलं होतं, लोक हे विसरतील. बाबांची चूक ते खरंच विसरले, बाबा म्हणाले होते तसंच. माझं मात्र विसरले नाहीत. माझ्या लग्नात निळकंठकाकांनी सासऱ्यांना बाजूला घेऊन ती गोष्ट सांगितली, की ही पोरगी भरल्या सभेत बापासाठी उभी राहिली होती. बाबा गेले तेव्हा दहाव्याला म्हातारे बंडूभाऊ काठी टेकत आले आणि रडत रडत सगळ्यांना तेच सांगितलं. अजूनही वस्तीत गेले की कुणीतरी आपल्या लेकीला माझ्यापुढं उभी करतं आणि म्हणतं, हिच्यासारखी हो. सुरुवातीला मी खरं सांगून बघायचे. ते हसायचे आणि त्यांचं कौतुक आणखी वाढायचं. आता मी सांगत नाही. नुसती मान खाली घालते, आणि लोक म्हणतात, बघा, किती नम्र आहे.